काट्यासमोरचे काका

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर मी गोष्ट रंगवत जाईन आणि वाचणाऱ्याला शेवटपर्यंत वाटत राहील की दोष मोटारीचा होता. आमच्या सोसायटीची पाण्याची मोटार जळाली तेव्हा मी तिच्यापासून चार फुटांवर बसलो होतो. जागा होतो, शुद्धीवर होतो, आणि खरं सांगायचं तर फार प्रसन्न होतो. नंतर सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने सभेच्या इतिवृत्तात मी माझ्या अक्षरात लिहिलं, ‘पंपचालक जागेवर नसताना मोटार जळाली.’ हे वाक्य मी पुष्कळदा तपासून पाहिलं आहे. त्यात एकही शब्द खोटा नाही. तरी त्या वाक्यामुळे एका माणसाचं नाव खराब झालं.

त्या माणसाला आम्ही सगळे काका म्हणायचो. जांभूळ गावच्या पाण्याच्या केंद्रावर ऑपरेटर म्हणून सगळी नोकरी झाली, मग निवृत्त झाले आणि घरी बसवेना म्हणून आमच्याकडे पंप चालवायला लागले. राहायला अंबरनाथला बुवापाड्यात. तिथून बदलापुरात आमच्या सोसायटीपर्यंत रोज सायकलने यायचे. मूळचे साताऱ्याकडचे. नव्या माणसाशी ओळख करून देताना नावाच्या आधी सांगायचे, “आपल्या हातनं आजवर एक मोटार जळाली न्हाय.” समोरचा माणूस बँकेतला असो की भटजी, त्याला हे ऐकावंच लागे.

माझी आणि त्यांची खरी ओळख भांडणातून झाली. त्याच्याही मागे माझं ब्लडप्रेशर होतं. अंबरनाथला एमआयडीसीत मी एका रंगाच्या कंपनीत क्वालिटीला आहे. रंगाच्या दोन डब्यांत सारख्याच दिसणाऱ्या निळ्या रंगात फरक शोधायचा, हे माझं काम. त्याने माणसाचा स्वभाव बिघडतो. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि वर म्हणाले, “थोडं ध्यान वगैरे करत जा.”

त्या ‘वगैरे’ने माझे तीन महिने खाल्ले. ध्यान शिकायचं तर कुठून सुरुवात करायची, हे कोणी धड सांगेना. एक व्हिडिओ पाहिला, त्यात पहिल्याच मिनिटाला गुरुजी म्हणाले, “आता विचारांच्या पलीकडे जा.” मी अलीकडेच होतो. पुस्तक आणलं, त्यात पहिलं प्रकरण ‘तुम्ही ध्यान का सोडता?’ म्हणजे मी धरायच्या आधीच त्यांनी माझं सोडणं गृहीत धरलं होतं. श्वासाकडे लक्ष द्या म्हणतात, म्हणून दिलं; तर इतकी वर्षं आपोआप चाललेला श्वास लाजल्यासारखा अडखळायला लागला. बायको आतून म्हणाली, “अहो, दम लागलाय का? पंखा वाढवू?”

उल्हासनगरला एका दुकानात विचारायला गेलो. दुकानदार गल्ल्यावर मांडी घालून बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर मला हवी होती तीच शांती होती. मी म्हणालो, “बिगिनर के लिए कुछ है?”

“साईं, बिगिनिंग तो गद्दी से होती है,” तो म्हणाला. “गद्दी सही, तो बैठक सही. बैठक सही, तो मन किधर जाएगा?”

मी जांभळी गद्दी आणली. शिवाय एक पितळी वाटी, जिच्या काठावरून लाकडी दांडा फिरवला की ती घुमते. माझी घुमली नाही. ती आता बायको ताक घुसळायला वापरते. शेवटी मोबाइलवर एक अ‍ॅप घेतलं. त्यात एक बाई फार मऊ आवाजात म्हणायची, “जो आवाज येईल त्याला येऊ द्या. जाईल तेव्हा जाऊ द्या.” हे वाक्य लक्षात ठेवा. याच वाक्याने पुढे घात केला.

आमचं घर पहिल्या मजल्यावर, बरोबर पंपरूमच्या डोक्यावर. मी सकाळी सात वाजता गद्दीवर बसलो की खाली मोटार सुरू व्हायची. गद्दी थरथरायची, मांडी थरथरायची, बाईचा आवाजसुद्धा थरथरल्यासारखा वाटायचा. चौथ्या दिवशी मी सेक्रेटरीपणाच्या तोऱ्यात खाली उतरलो.

पंपरूमच्या दाराशी काकांच्या चामडी चपला नीट जोडून ठेवलेल्या होत्या. मला वाटलं, काय श्रद्धा आहे माणसाची. मीही चपला बाहेर काढल्या आणि देवळात शिरावं तसा अनवाणी आत गेलो.

“आवं, मरायचंय का?” काका ओरडले. “ओल हाय खाली. करंट बसंल. चप्पल घाला आधी.” त्यांच्या पायात रबरी सपाता होत्या. बाहेरच्या चपला नुसत्या बदलून ठेवलेल्या होत्या.

ते एका उलट्या ठेवलेल्या रंगाच्या डब्यावर बसले होते. समोर पंप, पंपाच्या पाइपावर दाब दाखवणारा गोल काटा, मांडीवर वही. मी म्हणालो, “काका, मोटार आठनंतर लावता येईल का? सातला मी ध्यानाला बसतो.”

“ध्यान म्हंजे नेमकं काय करता?”

मला तीन महिन्यांत प्रथमच कोणीतरी सोपा प्रश्न विचारला होता. मी म्हणालो, “स्वस्थ बसायचं. एकाच गोष्टीकडे लक्ष ठेवायचं. मन दुसरीकडे गेलं की परत आणायचं.”

काकांनी काट्यावरची नजर न काढता विचार केला. “आन हे किती येळ करता?”

“दहा मिनिटं.”

“दहा,” ते म्हणाले. मला हसायचं नाही म्हणून त्यांनी खूप प्रयत्न केला. “आमची आठ तासांची ड्युटी असायची.”

मी वर गेलो, गद्दीवर बसलो आणि मला जे हवं होतं ते माझ्या बुडाखालीच आठ फुटांवर चाललंय असं वाटायला लागलं. दुसऱ्या दिवशी मी रबरी सपाता घालून खाली गेलो. काकांनी काही न विचारता दुसरा डबा उलटा केला.

ध्यानाची याहून चांगली प्राथमिक ओळख मला आजवर कुठे सापडलेली नाही, म्हणून ती जशी मिळाली तशी देतो. “काट्याकडं बगा,” काका म्हणाले. “हलला तर लिवा. न्हाय हलला तरी लिवा. आपण हलवायचा न्हाय.” एवढं झाल्यावर ते गप्प बसले. मी पुढच्या वाक्याची वाट पाहत होतो. पाच मिनिटांनी त्यांनी वहीकडे बोट दाखवलं, तेव्हा कळलं की धडा संपून स्वाध्याय सुरू झाला आहे.

काट्याशेजारी मनाचीही नोंद करायची, असं त्यांनी सुचवलं. “तुमचं जे काय भटकतंय म्हणता, त्याचं बी रीडिंग घ्या की.” माझ्या पहिल्या दिवसाचं पान मी जपून ठेवलंय:

सात पाच. काटा अडीच. मन: कालची भेंडी.
सात दहा. काटा अडीच. मन: भेंडीच.
सात पंधरा. काटा अडीच. मन: भेंडी होती की गवार?
सात वीस. काटा अडीचला जरा कमी. मन: भेंडी. पण आता स्वतःची लाज वाटते.

काकांनी ते गंभीरपणे वाचलं. “लाज कशाला लिवली?”

“वाटली म्हणून.”

“मग बराबर हाय. पण भेंडीवर रागवायचं न्हाय. पाइपात कचरा आला तर कुणी पाइपाला शिव्या देतं का? आला, लिवला, गेला.”

वहीची सवय त्यांची फक्त पंपापुरती नव्हती. मावशींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला एकदा घरातली वही दाखवली. पुतण्याच्या लग्नात काका मांडवात बसून दर अर्ध्या तासाने नोंद करत होते. ‘साडेअकरा. मंडळी शांत. बारा. नवरदेवाचे मामा चढले. साडेबारा. मामा आणखी चढले, कारण रसमलाई संपली. एक. मामा खाली आले, आइस्क्रीम दिले.’ मावशी म्हणाल्या, “माझं बी पान हाय त्यात. माहेरनं फोन आला की दाब किती, सगळं लिवलंय. चाळीस वर्षं मी काय बाई न्हाय, टाकी हाय.”

आणखी एक खोड. काटा वाचण्याआधी ते काचेवर नखाने टिचकी मारायचे. जुने काटे अडकून बसतात, टिचकी मारली की खऱ्या जागी येतात, असं त्यांचं म्हणणं. पण ते माणसांनाही तसंच वागवायचे. “कसं काय?” विचारायचे, समोरचा “मजेत” म्हणाला की त्याच्या खांद्यावर टिचकी मारायचे आणि म्हणायचे, “हां, आता सांगा.” आमच्या चेअरमन बाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना अशी टिचकी मारली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. बाईंनी चष्मा काढला आणि अर्धा तास सुनेबद्दल बोलत राहिल्या.

दोन महिन्यांत माझं प्रेशर उतरलं. डॉक्टर म्हणाले, “गोळी लागू पडली.” मी म्हणालो, “पंप लागू पडला.” त्यांनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं. आणि इथे मला जरा गर्व झाला. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला थोडं काही जमलं की लगेच वरचा वर्ग हवा असतो. मी काकांना विचारलं, “आता पुढची पायरी कोणती?”

“पायरी?” काका म्हणाले. “पायरी न्हाय. शिफ्ट हाय.”

हे उत्तर मला पुरलं नाही. मी गुपचूप अ‍ॅपवरच्या बाईकडे परत गेलो. तिच्याकडे पायऱ्या होत्या. दुसऱ्या पायरीचं नावच ‘खोल’ होतं.

तो रविवार होता. नळाला पाणी कमी आलं होतं, खालची टाकी जेमतेम अर्धी, आणि वरची टाकी रिकामी. सगळ्यांच्या घरी धुणं. सोसायटीच्या ग्रुपवर ‘पाणी???’ असे संदेश येत होते आणि सगळे माझ्या नावाने येत होते. त्यातच पंपाच्या एका सांध्यातून पाणी ठिबकायला लागलं. तिथे भरायची दोरी स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणावी लागणार होती.

“मोटार बंद करून जातो,” काका म्हणाले.

“नका, काका. लोक मला खातील. मी बसतो ना इथे.”

काकांनी आधी काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “चालू मोटार आजवर कुणाच्या हाती दिली न्हाय.”

“मी दोन महिने रोज बसतोय.”

“ते बी खरं.” त्यांनी वही माझ्या मांडीवर ठेवली. “खालचं पाणी संपलं की काटा धाडकन पडंल. पडला की ते लाल बटन. डोळं मात्र उघडं ठेवा.” सायकलवर बसताना त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं.

पहिली पाच मिनिटं मी डोळे उघडे ठेवले. मग वाटलं, काटा काय, अडीचवर आहे. एवढी चांगली बैठक लागली आहे, तर ‘खोल’ जाऊन बघायला काय हरकत आहे. मी खिशातून इअरफोन काढले. बाई म्हणाली, डोळे अलगद मिटा. मी मिटले.

काही वेळाने मोटारीचा आवाज बदलला. जाडसर घुमत होती ती बारीक किरकिरायला लागली. बाई म्हणाली, जो आवाज येईल त्याला येऊ द्या. मी येऊ दिला. मग गरम वाटायला लागलं. बाई म्हणाली, शरीरात ऊब जाणवेल, तिचं स्वागत करा. मी स्वागत केलं. मग जळका वास आला. बाईने वासाबद्दल काही सांगितलेलं नव्हतं, पण मी आता प्रगत साधक होतो. मी स्वतःच्या अकलेने त्यालाही येऊ दिलं. आला, लिहिला, गेला, एवढंच काकांनी शिकवलेलं. त्यातलं मधलं मी गाळलं.

इतकं शांत मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. एवढ्यात कोणीतरी माझ्या अंगावरून झेपावून लाल बटण दाबलं. मी डोळे उघडले. धुरातून काका दिसले. मी त्यांना म्हणालो, आणि हे मी लपवणार नाही, “काका, आज फार छान लागलं.”

काका काट्याकडे बघत होते. काटा शून्यावर होता. त्यांच्या हातातली दोरीची पुडी खाली ओल्यात पडली होती आणि ती उचलायचं त्यांना सुचत नव्हतं.

धूर बघून माणसं जमली. चेअरमन बाई गाऊनवर ओढणी घेऊन उतरल्या. चौथ्या मजल्यावरचा आयटीतला मुलगा तोंडात ब्रश घेऊन आला आणि म्हणाला, “अरे यार, आज हेअर कलर लावलाय मी. धुणार कशाने?”

बाईंनी विचारलं, “मोटार जळाली तेव्हा तुम्ही कुठे होता, काका?”

“जागेवर न्हवतो,” काका म्हणाले.

“चालू मोटार सोडून गेलात?”

“व्हय. सोडून गेलो. चूक झाली.”

मी इअरफोन खिशात घातले. एवढंच केलं. त्या मिनिटाला तोंड उघडलं असतं तर पुढचं काही लिहावं लागलं नसतं. मला वाटलं, काका सांगतील. आणि ते सांगत नाहीत म्हटल्यावर वाटलं, आता मी सांगणं बरं दिसणार नाही. भित्र्या माणसाला असल्या वेळी शिष्टाचार फार सुचतो. संध्याकाळी पार्किंगमध्ये सभा झाली. नवी मोटार, सोबत पाणी संपलं की आपोआप बंद होणारं यंत्र बसवायचं आणि पंपचालकाची गरज नाही, असं ठरलं. इतिवृत्त मी लिहिलं. काकांना द्यायच्या पत्रावर सहीही माझी.

आपोआपचं यंत्र आलं. त्याचा स्वभाव कोणाला कळला नाही. ते मनात येईल तेव्हा सुरू व्हायचं आणि चेअरमन बाई अंघोळीला गेल्या की हमखास बंद पडायचं. माझं प्रेशर पुन्हा चढलं. सात वाजता मी पंपरूममध्ये जाऊन बसायचो, काटा अडीच लिहायचो आणि मनापुढे रोज तोच एक शब्द: काका.

मिठाईचा डबा घेऊन बुवापाड्यात गेलो. काका ओट्यावर बसले होते. “बसा,” म्हणाले. मी अर्धा तास बसलो, तब्येत विचारली आणि उठून आलो. दुसऱ्यांदा पेढे घेऊन गेलो. त्या वेळी शेजारचा एक माणूस काकांना सहज म्हणाला, “काय ऑपरेटर, शेवटी जाळलीच ना एक?” काका हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी ओट्यावरची वही उचलून मांडीखाली सरकवली. मी त्या दिवशीही तसाच परतलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मावशीच दारात आल्या.

“आता काय ते बोला की,” त्या म्हणाल्या. “घरात ग्वाड खाणारं माणूस न्हाय आन मिठाई उतू चाललीय.”

मी बोललो. इअरफोन, बाई, ऊब, वास, सगळं. मावशींनी पदर तोंडाला लावला. त्या रडतायत असं वाटून मी थांबलो, पण त्या हसत होत्या. “वास आला तरी बसून ऱ्हायला?” त्यांनी विचारलं. “आवं, आमचं दूध करपलं तर चार घरं पळत येत्यात.”

काका मात्र गंभीर होते. “मला कशाला सांगताय, शेक्रेटरी? मला ठाव हाय. कानात वायर बगितली मी तुमच्या.”

“मग तेव्हा बोलला का नाहीत?”

“चालू मोटार मी सोडली. ती माझी चूक. तुमची मी कशी सांगू? ज्येची त्येनं सांगायची.” मग म्हणाले, “आन ज्यांना ठाव न्हाय, त्यांना सांगा.”

वार्षिक सभा पुढच्या रविवारी होती. मी काकांना बोलावलं. “मला पत्र दिलंय तुमी, मी कसा येऊ?” म्हणाले. मी म्हणालो, “पत्र मीच दिलंय, मीच बोलावतोय.” ते पांढरा शर्ट घालून आले आणि खुर्ची दिली तरी फाटकापाशीच उभे राहिले. विषय एकेक संपत गेले. ऐनवेळचे विषय आले तोवर समोसे आले होते आणि निम्मी सभा उठून तिकडे निघाली होती. मी माइक हातात घेतला.

“मागच्या इतिवृत्तात एक दुरुस्ती आहे,” मी म्हणालो. “मोटार जळाली तेव्हा तिथे मी बसलो होतो. काका सोसायटीच्याच कामाला, माझ्या सांगण्यावरून गेले होते. मोटार बंद करून जातो म्हणत होते, मी जाऊ दिलं नाही.”

समोशांकडे निघालेले थांबले. आयटीतल्या मुलाने विचारलं, “म्हणजे अंकल, तुम्ही झोपलेलात?”

“नाही. ध्यान करत होतो.”

“डोळे मिटून?”

“हो.”

“कानात इअरफोन?”

“हो.”

“और आपको स्मेल नहीं आयी?”

“आला. मी येऊ दिला.”

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळं पार्किंग हसायला लागलं. चेअरमन बाईंनी शाळेत वाजवत तसा टेबलावर हात वाजवला. हसणं थांबेना. माझे कान तापले होते. प्रेशर किती असेल याचा मी अंदाजसुद्धा केला नाही. माइक चालू ठेवूनच मी खुर्च्यांमधून फाटकापाशी गेलो. काका अवघडून सरळ उभे राहिले, वरिष्ठ साहेब तपासणीला आल्यावर राहतात तसे. जवळ गेलो तसं हसणं कमी कमी होत गेलं.

मी म्हणालो, “काका, तुमच्या हातून एकही मोटार जळालेली नाही. जळाली ती माझ्या हातून. ती जळू दिली याची लाज वाटतेच, पण तुम्ही इथे सगळ्यांसमोर मान खाली घालून उभे होता आणि मी खिशात हात घालून बघत राहिलो, याची जास्त वाटते. त्यावर मी खोटी नोंद केली. मला माफ करा.”